रिपोर्टमध्ये मातीतलं जिवंत काहीच का नसतं? माती तपासणाऱ्यांना आणि त्यावरून सल्ला देणाऱ्यांना खुलं पत्र

माती परीक्षण प्रयोगशाळांमधल्या सगळ्या मंडळींना, खतांचे डोस ठरवणाऱ्या शास्त्रज्ञांना आणि किडीवर काय फवारायचं ते सांगणाऱ्या पीक सल्लागारांना,

सप्रेम नमस्कार.

मातीचा रिपोर्ट हातात आला की त्यात सामू असतो, क्षारता असते, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद (फॉस्फरस), पालाश, मग गंधक, जस्त, लोह, बोरॉन असं खाली खाली जात राहतं आणि शेवटी कुठलं खत किती किलो टाकायचं ते. हे सगळं लागतंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण या अख्ख्या कागदावर कुठेही असं लिहिलेलं नसतं की ही माती जिवंत आहे का, किती जिवंत आहे, तिच्यात कोण कोण राहतं आणि पिकाच्या मुळांशी त्यांचं जमतंय का. आणि मग पुढे पिकावर अळी आली, मावा आला की दुसराच सल्लागार येतो, पान उलटून बघतो, औषधाचं नाव लिहून देतो, त्याचा त्या मातीच्या रिपोर्टशी काही संबंधच नसतो. मला एवढंच सांगायचंय की हे दोन कागद वेगळे नाहीत. पानावर अळी किती खाणार हे बऱ्याच अंशी मुळाशी कोण राहतंय त्यावर ठरतं, आणि हे आता कुणाचं मत राहिलेलं नाही, प्रयोगांनी परत परत दाखवलेलं आहे. म्हणून माझी मागणी आहे की मातीतल्या जिवंत भागाची तपासणी तुमच्या नेहमीच्या कामात घ्या आणि खताचा सल्ला आणि किडीचा सल्ला एकत्र बसून द्या.

आधी नमुन्याचं काय होतं ते बघा, कारण गोष्ट तिथूनच सुरू होते. शेतातून माती आणली की ती सावलीत पसरून वाळवली जाते, लाकडी हातोडीने ढेकळं फोडली जातात, मुळांचे तुकडे, काडीकचरा, गांडुळाची अंडी दिसली तर तीही वेचून बाजूला टाकली जातात, मग २ मिमीच्या चाळणीतून चाळून जे खाली पडतं ते बाटलीत जातं. रसायनांची मापं घ्यायला हे बरोबरच आहे, सगळीकडे एकसारखी पद्धत नसेल तर आकडे जुळणार कसे. पण ज्यांच्याबद्दल मी लिहितेय त्यातले बहुतेक सगळे जीव या टप्प्यावरच मेलेले, झोपलेले किंवा फेकून दिलेले असतात. बुरशीचे धागे तुटलेले, मुळाला चिकटलेली माती झटकलेली. म्हणजे तपासणी सुरू व्हायच्या आधीच आपण जिवंत भाग बाहेर काढून टाकतो आणि मग उरलेल्यावरून पिकाचं भवितव्य सांगतो.

आणि हा जिवंत भाग किरकोळ नाही हो. चांगल्या मातीच्या एका ग्रॅममध्ये जिवाणूंची संख्या अब्जाच्या घरात जाते, त्यांचे प्रकार हजारोंच्या घरात, शिवाय बुरशीचे कित्येक मीटर लांबीचे धागे, त्यांना खाणारे एकपेशीय जीव, सूत्रकृमी म्हणजे धाग्यासारखे बारीक कृमी, कोळीवर्गातले बारीक किडे हे वेगळेच. २०२३ मध्ये एक अंदाज प्रसिद्ध झाला, त्यानुसार पृथ्वीवरच्या सगळ्या सजीव प्रजातींपैकी साधारण ५९ टक्के प्रजाती मातीत राहतात. अर्ध्याहून जास्त! आणि यातले सगळ्यात जास्त कामसू लोक मुळाच्या अगदी जवळ, काही मिलिमीटरच्या पट्ट्यात गोळा झालेले असतात. या पट्ट्याला लोरेन्झ हिल्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १९०४ मध्येच ऱ्हायझोस्फिअर असं नाव दिलं होतं, म्हणजे ही माहिती शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे.

ते तिथे का गोळा होतात? कारण झाड त्यांना खायला घालतं. सूर्यप्रकाशात पानांनी जी साखर बनवली त्यातला चांगला मोठा हिस्सा झाड मुळांवाटे मातीत सोडून देतं, साखर, सेंद्रिय आम्लं, अमिनो आम्लं आणि कितीतरी बाकीची रसायनं. झाडाच्या वाढीला जी साखर लागते तीच ते मातीत ओततंय म्हटल्यावर त्याच्या बदल्यात काहीतरी नक्कीच मिळत असणार. आणि प्रत्येक पीक वेगळं मिश्रण सोडतं, वयानुसार बदलतं, स्फुरद कमी पडला तर बदलतं, अळीने पान खाल्लं तर तेही मुळाच्या स्रावात कळतं. झाड आपल्या मुळाशी कोण राहावं हे स्वतःच निवडत असतं. आता निवड करायला आधी मातीत पुरेसे उमेदवार तर असले पाहिजेत ना. विविधतेचा मुद्दा इथेच येतो.

मायकोरायझाचं, म्हणजे झाडाच्या मुळाशी भागीदारी करून राहणाऱ्या बुरशीचं बोलू, कारण वाढीचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण तेच आहे. १८८५ मध्ये आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी हे नाव दिलं. जमिनीवरच्या वनस्पतींपैकी मोठ्या बहुसंख्य वनस्पती कुठल्या ना कुठल्या मायकोरायझा बुरशीशी भागीदारी करतात, आणि ४० कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांमध्येसुद्धा या बुरशीच्या खुणा सापडल्यात, म्हणजे आजच्यासारखी मुळं यायच्या आधीपासूनची ही ओळख आहे. स्फुरदाची अडचण अशी की तो मातीत फारसा हलत नाही. मुळाच्या आजूबाजूचा मिलिमीटर-दोन मिलिमीटरमधला स्फुरद मुळाने उचलला की तिथे रिकामी जागा पडते आणि लांबचा स्फुरद आपण होऊन तिथे येत नाही. बुरशीचा धागा मुळाच्या केसापेक्षाही बारीक असतो, तो या रिकाम्या पट्ट्याच्या पलीकडे कित्येक सेंटीमीटर जातो, मुळाला शिरायला जमत नाही अशा फटींत शिरतो आणि तिथला स्फुरद, जस्त, पाणी घेऊन येतो. म्हणजे रिपोर्टमधला "उपलब्ध स्फुरद" हा आकडा कुणाला उपलब्ध, नुसत्या मुळाला की मुळ अधिक बुरशीला, हा प्रश्न विचारल्याशिवाय अर्धाच राहतो.

हे डोळ्यांनी बघायला काही महागडं मशिन लागत नाही. बारीक मुळं धुवून पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गरम केली की त्यांचा रंग जाऊन ती काचेसारखी पारदर्शक होतात, मग साधी फाउंटन पेनची शाई आणि व्हिनेगर यात ठेवली की बुरशीचा भाग निळा उठून दिसतो. साध्या मायक्रोस्कोपखाली मुळाच्या पेशीच्या आत झाडाच्या फांद्यांसारखा फुटत फुटत गेलेला निळा झुपका दिसतो, त्याला आर्बस्क्यूल म्हणतात, आणि देवाणघेवाण तिथेच चालते, बुरशी स्फुरद देते, झाड साखर आणि स्निग्ध पदार्थ देतं. ज्याने हे एकदा पाहिलं त्याला मुळाकडे नुसती पाणी ओढायची नळी म्हणून बघता येणार नाही, असं मला अगदी मनापासून वाटतं. आणि दोन शेतांतली मुळं शेजारी शेजारी ठेवली की एकात निळंच निळं आणि दुसऱ्यात शोधावं लागतंय, असा फरक सरळ दिसतो. हे काम कुठलीही प्रयोगशाळा करू शकते.

आता तुमच्या शिफारशीचा इथे थेट संबंध कसा येतो ते बघा. झाडाला स्फुरद कमी पडला की मुळं स्ट्रिगोलॅक्टोन नावाची रसायनं सोडतात. टारफुल्यासारख्या परजीवी तणाचं बी या रसायनांच्या वासावर उगवतं हे १९६६ पासून माहीत होतं, आणि लोकांना प्रश्न पडायचा की झाड स्वतःच्या शत्रूला बोलावणारं रसायन बनवतंच कशाला. उत्तर २००५ मध्ये मिळालं, ते रसायन मुळात मायकोरायझा बुरशीला हाक मारायला असतं, ते लागलं की बुरशीच्या धाग्याला भराभर फांद्या फुटतात. आणि स्फुरद भरपूर मिळाला की झाड ही हाक मारणं कमी करतं, बुरशीला आत घेणं कमी करतं. म्हणजे ज्या जमिनीत आधीच स्फुरद पुरेसा आहे तिथे दरवर्षी तोच डोस लिहिला तर आपण खताचा पैसा तर घालवतोच, वर झाडाची ही जुनी भागीदारीही मोडतो, आणि पुढे किडीच्या बाबतीत त्याचं काय होतं ते खाली येईलच.

रायझोबियमचं तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे, हवेत ७८ टक्के नत्र असून झाडाला तो थेट घेता येत नाही आणि शेंगावर्गीय पिकाच्या मुळावरच्या गाठीत हे जिवाणू तो घेऊन देतात, त्यामुळे त्यावर जास्त लिहीत नाही. फक्त एक. नुसत्या गाठी मोजून चालत नाही, गाठ नखाने फोडून बघायची, आतून गुलाबी-लाल असेल तर काम चालू, हिरवट किंवा पांढरी असेल तर नाही. रिपोर्टसोबत एवढी सूचना छापायला काही लागत नाही.

"पण विविधता कशाला, एक चांगली जात बाटलीत भरून टाकली की झालं" हा विचार मला सगळीकडे दिसतो. १९९८ मध्ये मार्सेल व्हॅन डर हायडन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला, मातीत मायकोरायझा बुरशीच्या जातींची संख्या एकापासून चौदापर्यंत वाढवत नेली आणि वर उगवणाऱ्या वनस्पतींचं बघितलं. जाती वाढतील तशी वनस्पतींची विविधता वाढली, एकूण वाढ वाढली, मातीतला स्फुरद जास्त वापरला गेला. कारण सगळ्या बुरशी एकच काम करत नाहीत, कुणी मुळाजवळून गोळा करते, कुणी लांबून, कुणी ओल असताना जोरात, कुणी कोरड पडल्यावर टिकून राहते, आणि एका पिकाला जी मानवते ती दुसऱ्याला मानवेलच असं नाही. २०१२ मध्ये आणखी एक प्रयोग आला, मातीतली जिवाणूंची विविधता मुद्दाम टप्प्याटप्प्याने कमी केली आणि मग बाहेरून एक रोगकारक जिवाणू सोडला. विविधता जितकी कमी तितका तो पाहुणा जास्त दिवस टिकला. भरलेल्या मातीत त्याला जागाही मिळत नव्हती आणि खायलाही. शुगरबीटच्या बाबतीत तर काही शेतांची माती रायझोक्टोनिया या मुळकुज आणणाऱ्या बुरशीला दाबून ठेवते, तीच माती गरम करून निर्जंतुक केली की तो गुण जातो आणि त्या चांगल्या मातीतली थोडी माती दुसऱ्या मातीत मिसळली की तो गुण तिथे जातो. २०११ मध्ये यावर जो अभ्यास झाला त्यात मुळांभोवती ३३ हजारांहून जास्त प्रकारचे सूक्ष्मजीव नोंदवले गेले आणि असं दिसलं की रोग एकट्या कुणामुळे थांबत नव्हता, एका गटामुळे थांबत होता.

आता किडीकडे येते, कारण या पत्राचं खरं कारण ते आहे.

मुळावर राहणारा जिवाणू पानावरच्या शत्रूविरुद्ध झाडाला तयार करू शकतो, हे १९९१ मध्ये वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. काकडीच्या प्रयोगात जिवाणू बियाण्यावर-मुळावर आणि रोग पानावर, दोघांची कधी गाठच नाही, तरी पानावरचा रोग कमी. म्हणजे जिवाणूने शत्रूला मारलं नव्हतं, झाडाला जागं केलं होतं. याला इंड्यूस्ड सिस्टिमिक रेझिस्टन्स म्हणतात, आपण अंगभर आलेली प्रतिकारशक्ती म्हणू. हे चालतं मुख्यतः जास्मोनिक आम्ल आणि इथिलिन या झाडाच्या संप्रेरकांच्या मार्गाने, आणि जास्मोनिक आम्ल म्हणजे पान कुरतडणाऱ्या अळीविरुद्ध झाडाचं मुख्य शस्त्र, अळीने चावा घेतला की तेच वाढतं आणि मग पानात अळीचं पचन बिघडवणारी प्रथिनं आणि कडू रसायनं तयार होतात. यात सगळ्यात सुंदर भाग मला हा वाटतो की चांगले सूक्ष्मजीव मुळाशी असले म्हणून झाड सतत ही रसायनं बनवत बसत नाही, त्यात ताकद वाया गेली असती. ते नुसतं तयारीत राहतं आणि खरा चावा बसला की एरवीपेक्षा लवकर आणि जोरात उत्तर देतं. शास्त्रज्ञ याला प्रायमिंग म्हणतात. फवारणीत हा गुण नाही, फवारणी कीड असो नसो सगळीकडे पडते.

फाबा बीन या शेंगावर्गीय पिकावरचा २०१३ मधला ब्रिटनमधला प्रयोग तर प्रत्येक पीक सल्लागाराने वाचावा असा आहे. मधे एक झाड, भोवती चार. मुळांमध्ये जाळ्या लावलेल्या, काही जाळ्यांची छिद्रं ४० मायक्रॉनची, म्हणजे मूळ जाणार नाही पण बुरशीचा धागा जाईल, आणि काहींची अर्ध्या मायक्रॉनची, म्हणजे धागाही जाणार नाही. झाडांवर पिशव्या चढवल्या म्हणजे हवेतून वास इकडून तिकडे जायला नको. मग मधल्या झाडावर मावा सोडला. ज्या शेजाऱ्यांना बुरशीच्या धाग्यांची जोडणी होती त्यांच्या अंगावर मावा नसतानाही त्यांचा वास बदलला, आणि तो वास मावा नको म्हणत होता आणि माव्यात अंडी घालणाऱ्या बारीक परजीवी गांधीलमाशीला मात्र ओढून घेत होता. जोडणी नसलेल्या झाडाला काहीच पत्ता नाही. म्हणजे जमिनीखालून निरोप गेला. खोल नांगरट करताना आपण हे धागे किती वेळा आणि कुठल्या हंगामात तोडतो याचा विचार मग किडीच्या सल्ल्यातही यायला नको का?

आणि मातीतले काही जीव तर किडीला सरळ मारतात. मेटारायझियम ही बुरशी तुम्ही सगळे जाणता, जैविक कीटकनाशक म्हणून ती विकली जाते. पण ती मुळाच्या आतही राहते हे किती जणांना सांगितलं जातं? २०१२ मध्ये असं दाखवलं गेलं की ही बुरशी मातीतल्या अळीला मारते, तिच्या शरीरातला नत्र घेते आणि तो मुळाला नेऊन देते. खूण केलेला नत्र अळीत टोचून, मधे जाळी लावून हे तपासलं, काही दिवसांनी तोच नत्र घेवड्याच्या झाडात मिळाला. पुढे असंही दिसलं की बदल्यात झाड तिला कर्ब देतं. एकच जीव, खत पण आणि कीडनियंत्रण पण, आणि आपल्या कागदावर तो ना खताच्या रकान्यात ना किडीच्या.

मक्याचं तर आपल्या सगळ्यांसाठी इशारा म्हणावा असं आहे. मुळं खाणाऱ्या भुंगेऱ्याची अळी मक्याच्या मुळाला लागली की काही मक्याच्या जाती मातीत कॅरिओफिलीन नावाचं सुगंधी द्रव्य सोडतात, त्या वासावर कीडभक्षक सूत्रकृमी येतात, अळीत शिरतात, आपल्या पोटातले जिवाणू आत सोडतात आणि अळी दोन-तीन दिवसांत मरते. २००५ मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हा असंही लक्षात आलं की उत्तर अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या बहुतेक सुधारित जातींनी हा वास सोडायची क्षमताच गमावलीय, कारण जाती निवडताना हे कुणी बघितलंच नाही. आपण ज्याचं माप घेत नाही ते हातातून निसटतं, मातीच्या बाबतीत तेच चालू आहे.

टोमॅटोचंही सांगते. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात दीर्घकाळ सेंद्रिय पद्धतीने सांभाळलेल्या जमिनीतल्या टोमॅटोवर तुडतुडे कमी बसत होते. कारण शोधलं तर झाडातलं सॅलिसिलिक आम्ल, म्हणजे जास्मोनिकसारखंच झाडाच्या बचावाचं दुसरं संप्रेरक, जास्त होतं, आणि त्याचा संबंध मुळाभोवतीच्या सूक्ष्मजीवांच्या समूहाशी लागला. आणि २०१९ मध्ये मोहरीच्या कुळातल्या एका रानटी झाडावर काम झालं, त्यात निष्कर्ष असा की कीड किती खाणार यावर झाडाच्या जातीपेक्षा मुळाभोवतीच्या सूक्ष्मजीवांचा परिणाम मोठा होता. आपण प्रतिकारक जाती शोधण्यात वर्षानुवर्षं घालवतो, घालवायलाच हवीत, पण ती जात ज्या मातीत लावणार त्याकडे बघायचंच नाही हे कसं चालेल.

नत्राच्या डोसाचंही इथेच आलं. नत्र जास्त झाला की पानं हिरवीगार लुसलुशीत होतात आणि झाडाच्या रसात मोकळी अमिनो आम्लं वाढतात, आणि माव्याला नेमकं तेच हवं असतं. शेतात हे सगळ्यांनी बघितलेलं आहे, युरिया जास्त पडलेल्या पट्ट्यात मावा आधी येतो. तरी नत्राची शिफारस लिहिताना किडीवाल्याला कुणी विचारत नाही.

आता प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे पत्र म्हणजे जैविक बाटल्यांची जाहिरात होईल आणि मला ते अजिबात नकोय. चांगले सूक्ष्मजीव म्हणजे प्रत्येक कीड कमी, असं नाही. २००९ मध्ये मायकोरायझा आणि किडी यावरचे बरेच प्रयोग एकत्र करून तपासले गेले तेव्हा दिसलं की सगळं काही खाणाऱ्या, पान कुरतडणाऱ्या किडींना त्रास होतो, पण एकाच कुळावर जगणाऱ्या अळ्या आणि काही रस शोषणाऱ्या किडी उलट जास्त चांगल्या वाढतात, कारण झाडच जास्त पौष्टिक झालेलं असतं. सुडोमोनास या मुळाशी राहणाऱ्या जिवाणूच्या अतिशय अभ्यासल्या गेलेल्या एका जातीने प्रयोगातल्या झाडावर अनेक पिकं खाणारा मावा वाढवला, कमी नाही केला. झाडाच्या आत जास्मोनिक आणि सॅलिसिलिक या दोन मार्गांची बऱ्याचदा एकमेकांशी ओढाताण असते, एक जोरात चालला की दुसरा मंद पडतो. म्हणून तर कुठल्या पिकावर, कुठल्या किडीसाठी, कुठल्या मातीत हे विचारल्याशिवाय सरसकट "हे कल्चर टाका" असा सल्ला देणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं.

स्वित्झर्लंडमधला एक मोठा अभ्यास २०२३ मध्ये आला, मक्याच्या ५४ शेतांत मायकोरायझा बुरशी टाकून बघितली. कुठे वाढ १२ टक्क्यांनी घटली तर कुठे ४० टक्क्यांपर्यंत वाढली. एकच बुरशी, एकच पीक, आणि एवढा फरक! आणि तो फरक कुठे पडणार हे पेरणीआधीच्या मातीतल्या सूक्ष्मजीवांवरून बऱ्यापैकी सांगता आलं, अन्नद्रव्यांच्या आकड्यांपेक्षा मातीत रोगकारक बुरशी किती आहेत यावरून जास्त चांगलं कळलं. जिथे रोगकारक जास्त तिथे फायदा जास्त. म्हणजे ही बुरशी तिथे खत म्हणून कमी आणि संरक्षण म्हणून जास्त कामाला आली. टोमॅटोच्या मर रोगावरही २०१९ मध्ये असंच दिसलं, एकाच शेतातलं कुठलं रोप पुढे मरणार आणि कुठलं वाचणार हे सुरुवातीला त्याच्या मुळाशी कुठले सूक्ष्मजीव होते त्यावरून सांगता येत होतं. यापेक्षा जास्त स्पष्ट कारण मला तरी देता येणार नाही की जिवंत मातीची तपासणी आधी हवी आणि बाटली नंतर, लागली तरच.

तर मागणी काय ते स्पष्ट लिहिते. प्रत्येक नमुन्याचा डीएनए वाचा असं मी म्हणत नाहीये, ते महाग आहे आणि त्या यादीचा अर्थ लावणारी माणसंही हवीत. पण एक छोटी पिशवी ओली माती, वाफशावरची म्हणजे ना चिखल ना कोरडी, मुळाजवळची, न वाळवता, थंड ठेवून वेगळी घ्या. तिचा श्वास मोजा, म्हणजे बंद बरणीत ठरावीक तापमानाला ठरावीक वेळात किती कार्बन डायऑक्साइड निघतो ते, ही तपासणी जुनी आहे आणि सोपी आहे. क्लोरोफॉर्मच्या वाफेने सूक्ष्मजीव मारून त्यांचा कर्ब मोजायची पद्धत १९७६ पासून आहे, ती मोठ्या प्रयोगशाळांना जमेल. मग रिपोर्टमध्ये नुसता सेंद्रिय कर्ब न छापता त्यातला जिवंत हिस्सा किती ते छापा, तो साधारण एक ते पाच टक्क्यांमध्ये असतो आणि मशागत बदलली की सेंद्रिय कर्बाच्या कितीतरी आधी हलतो, म्हणजे शेतकऱ्याला दहा वर्षं थांबावं लागणार नाही. ढेकूळ पाण्यात टाकून ते विरघळतं की टिकतं ते बघा, टिकलं तर धागे आणि चिकट स्राव कामावर आहेत. पीक उभं असताना मुळं आणायला सांगा आणि शाई-व्हिनेगरने बघून मायकोरायझा किती टक्के मुळात आहे ते लिहा. सूत्रकृमी मोजताना फक्त पिकाला खाणारे मोजू नका, जिवाणू खाणारे, बुरशी खाणारे आणि कीडभक्षक हेही मोजा, कारण कुठले सूत्रकृमी किती आहेत यावरूनच त्या मातीत अन्नसाखळी धड आहे की नाही ते कळतं.

डीएनएची तपासणी मात्र प्रत्येक मातीच्या प्रकारातल्या काही ठरावीक शेतांत, दरवर्षी त्याच जागी, नीट करा आणि तिथेच किडीची मोजणीही करा. एकाच जागी, एकाच वर्षी दोन्ही. आज माती मोजणारे एका शेतात जातात आणि किडी मोजणारे भलत्याच शेतात, मग दोन्हीचा संबंध लागणार कसा. "चांगली" पातळी कुठली हे प्रत्येक मातीसाठी वेगळं असणार, हलक्या मातीचा आकडा भारी मातीला लावून चालणार नाही, आणि ते टप्पे अशा नोंदींमधूनच ठरतील. तुमच्यातले काही म्हणतील की सूक्ष्मजीव आज एक आणि उद्या एक, पाऊस पडला की बदलतात, मग मोजून काय उपयोग. बदलतात, खरं आहे. उपलब्ध नत्रही बदलतो, तो आपण मोजतोच की, ठरावीक वेळी घेतो आणि तसं लिहितो.

शिफारशीत काय बदलावं तेही सांगते. स्फुरद जास्त निघाला तर "या हंगामात स्फुरद नको" असं ठळक लिहायचं धाडस करा आणि का तेही लिहा. पिकाच्या फेरपालटीला रिपोर्टमध्ये जागा द्या, कारण बऱ्याच प्रयोगांचा आढावा २०१४ मध्ये घेतला गेला तेव्हा एका पिकाऐवजी फेरपालट केल्यावर सूक्ष्मजीवांचा कर्ब साधारण २१ टक्क्यांनी वाढलेला दिसला, आणि फेरपालटीला बाटली लागत नाही. जमीन उघडी पडू न देणं, दोन पिकांमध्ये काहीतरी हिरवं मूळ जिवंत ठेवणं, गरजेपुरतीच नांगरट, हे आज सल्ल्याच्या शेवटी "जमल्यास" म्हणून असतं, ते वर घ्या आणि किडीच्या सल्ल्यातही घ्या. बियाण्याला बुरशीनाशक आणि जिवाणू कल्चर दोन्ही सुचवत असाल तर कोण आधी, कोण नंतर, कुठलं कुठल्यासोबत चालत नाही हे त्याच ओळीत लिहा. आणि फवारणी सुचवताना आधी विचारा की कीड कुरतडणारी आहे की शोषणारी, नत्र किती दिलाय, मुळात मायकोरायझा आहे का. ही तीन उत्तरं कागदावर असली की औषध मारावं की थांबावं हा निर्णय वेगळा होऊ शकतो.

मागचं पीक काय होतं एवढं तरी तुम्ही नमुन्याच्या चिठ्ठीवर आजही विचारता. त्याच चिठ्ठीवर मागच्या हंगामात कुठली कीड आली आणि किती फवारण्या झाल्या हे दोन प्रश्न वाढवा, येणाऱ्या हंगामापासूनच वाढवता येतील, त्याला ना मशिन लागतं ना नवीन माणूस, आणि दोन-तीन वर्षांत तुमच्याकडे अशी नोंद तयार होईल की ज्यावर माती विभाग आणि कीटक विभाग एका टेबलावर बसून बोलू शकतील. या पत्राला उत्तर म्हणून मला नवी चिठ्ठी बघायला आवडेल.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मातीची काळजी असलेली एक वाचक